बिल्ड पासवर्ड विचारत थांबतो तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे: जेनकिन्सवर, म्हणजे ठरलेली कामं आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर, रात्री एक बिल्ड (कोडपासून सॉफ्टवेअर तयार करायचं काम) चालतो. तोच स्क्रिप्ट कोणी आपल्या लॅपटॉपवर हाताने चालवला की सगळं सुरळीत होतं. रात्री मात्र गिटच्या (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाच्या) पायरीवर तो कधी तासन्‌तास अडकून राहतो, तर कधी 'युजरनेम वाचता आलं नाही' अशा एररने लगेच पडतो. टीममधल्या एकाने 'एक्स्पेक्ट' वापरून स्क्रिप्टकडूनच पासवर्ड टाइप करून घ्यायचं सुचवलंय. तसं करावं का?

करू नका. मी अठरा वर्षं बिल्ड आणि रिलीझचं काम करतोय. एक्स्पेक्टवर चालणारे तीन बिल्ड आधीच्या लोकांकडून माझ्याकडे आले आणि तिन्ही मला मुळापासून बदलावे लागले. बिल्डमध्ये लॉगिनचा प्रश्न उभाच राहू नये, आणि चुकून राहिलाच तर बिल्ड त्याच क्षणी पडावा, एवढं साधायचं आहे. त्याला एक दिवस लागतो, पण तो नीट घालवा. (व्हेरिएबल आणि पर्यायांची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहितोय. टाइप करताना ती अर्थातच रोमन अक्षरांत.)

गिट प्रश्न विचारतं तेव्हा नेमकं काय घडतं, ते आधी पाहू. एचटीटीपीएसवरून क्लोन (कोडची पूर्ण प्रत घेणं) किंवा फेच (नवे बदल आणणं) करताना सर्व्हरकडून 401, म्हणजे 'आधी लॉगिन करा' असं उत्तर आलं की गिट पहिल्यांदा क्रेडेन्शियल हेल्परांना, म्हणजे लॉगिनची माहिती पुरवणाऱ्या प्रोग्रामांना विचारतं. तिथे काही मिळालं नाही तर 'आस्कपास' नावाचा प्रोग्राम कोणी नेमून दिलाय का, ते बघतं. तोही नसेल तर टर्मिनलकडे वळतं. हे टर्मिनल म्हणजे स्टँडर्ड इनपुट नव्हे. गिट थेट '/डेव्ह/टीटीवाय' उघडतं, म्हणजे त्या प्रोसेसला जोडलेलं टर्मिनल. 'एको'ने पासवर्ड पाइप करून गिटला द्यायचा प्रयत्न म्हणूनच कधी चालत नाही. गिट त्या पाइपकडे बघतच नाही. एसएसएच हा दुसऱ्या मशीनशी सुरक्षित जोडणी करणारा प्रोग्रामही पासफ्रेज (किल्लीचा पासवर्ड), पासवर्ड आणि होस्टच्या ओळखीचं 'यस की नो' याच मार्गाने विचारतं.

तुमचं कोडं इथेच सुटतं. जेनकिन्सचा एजंट (बिल्ड प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्राम) सर्व्हिस म्हणून सुरू झालेला असेल तर त्याला टर्मिनल जोडलेलंच नसतं. गिट '/डेव्ह/टीटीवाय' उघडायला जातं, ते उघडत नाही, आणि 'नो सच डिव्हाइस ऑर अ‍ॅड्रेस' म्हणून बिल्ड पडतो. पण कोणीतरी दुपारी सर्व्हरवर लॉगिन करून एजंट हातानेच रीस्टार्ट केला आणि ती खिडकी उघडी ठेवली, तर टर्मिनल जोडलेलं असतं. मग गिट तिथे युजरनेम विचारतं आणि उत्तराची वाट बघत थांबतं. डॉकरचा कंटेनर (प्रोग्राम वेगळा, बंदिस्त चालवायची सोय) '-टी' पर्यायाने सुरू केला तरी हेच होतं, कारण तो पर्याय खोटं टर्मिनल जोडून देतो. तुमचा एजंट कोण आणि कसा सुरू करतं ते तपासा. बहुतेक वेळा अडकणं आणि पडणं यांतला फरक तेवढाच निघतो.

लॅपटॉपवर चालतं त्याचं कारण असं, की तिथे तुमच्या नावाने आधीच बरंच काही साठलेलं असतं. कीचेनमध्ये टोकन (पासवर्डऐवजी चालणारी गुप्त अक्षरमाला), एसएसएच-एजंटमध्ये उघडलेली किल्ली, होम फोल्डरमध्ये गिटचं कॉन्फिगरेशन. बिल्डचा युजर वेगळा, त्याचं होम वेगळं, आणि तुमच्या एसएसएच-एजंटचा सॉकेट त्याच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये नाही. क्रॉनमधून, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या प्रोग्राममधून, चालणाऱ्या बिल्डची हीच स्थिती असते.

आता एक्स्पेक्ट. ते स्क्रीनवरचा मजकूर ओळखून टायपिंग करतं, आणि पहिली अडचण म्हणजे प्रश्नांचा क्रम ठरलेला नसतो. नव्या मशीनवर एसएसएच आधी होस्टची ओळख मान्य आहे का विचारतं, पासवर्डचा प्रश्न त्यानंतर येतो. दुसरी अडचण जास्त वाईट. एक्स्पेक्टचा डीफॉल्ट टाइमआउट 10 सेकंदांचा आहे, आणि टाइमआउट झाल्यावर काय करायचं ते सांगितलेलं नसेल तर स्क्रिप्ट तसाच पुढच्या ओळीवर जातो. नेटवर्क हळू असलेल्या रात्री पासवर्डचा प्रश्न अकराव्या सेकंदाला आला, तर पासवर्ड त्याआधीच पाठवला गेलेला असतो. त्या वेळी एको बंद झालेला नसल्यामुळे तो उघड्या अक्षरांत लॉगमध्ये उमटतो. माझ्याकडे आलेल्या तीन बिल्डपैकी एकाच्या जुन्या लॉगमध्ये मला असाच पासवर्ड सापडला होता, आणि ते लॉग अख्ख्या विभागाला वाचता येत होते. शिवाय गिटहबने (गिटमधला कोड ठेवायची वेबसेवा) 13 ऑगस्ट 2021 पासून गिटच्या कामांसाठी खात्याचा पासवर्ड स्वीकारणंच बंद केलं आहे. म्हणजे एवढा उपद्व्याप करून टाइप करायचं तेही टोकनच.

पहिलं काम: प्रश्न विचारायचे सगळे मार्ग बंद करा. क्रेडेन्शियलची सोय करण्याआधी हे करा, नंतर नको. कारण सोय चुकली असेल तर ती चुकल्याचं काही सेकंदांत कळायला हवं.

गिटमध्ये 2.3 आवृत्तीपासून, म्हणजे 2015 पासून, 'गिट टर्मिनल प्रॉम्प्ट' नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे. तो शून्य केला की गिट टर्मिनलवर काही विचारत नाही, 'टर्मिनल प्रॉम्प्ट्स डिसेबल्ड' म्हणून सरळ पडतं. पण याने फक्त टर्मिनल बंद होतं. आस्कपासची वाट उघडीच राहते, आणि डेस्कटॉप असलेल्या मशीनवर तिथून खिडकी उघडू शकते. म्हणून 'गिट आस्कपास'ला युनिक्सचा 'फॉल्स' हा कायम अपयशी ठरणारा प्रोग्राम द्या. पुढे खरं टोकन द्यायची वेळ आली की ती जागा आपल्या स्क्रिप्टला मिळेल. एसएसएचसाठी 'गिट एसएसएच कमांड' या व्हेरिएबलमध्ये 'बॅचमोड यस' हा काहीही न विचारण्याचा पर्याय घाला. तो व्हेरिएबलही 2.3 मध्येच आला. हे तिन्ही एखाद्या जॉबपुरते न ठेवता एजंटच्या पातळीवर लावा. नवा जॉब लिहिणारा माणूस ते विसरणार, हे गृहीतच धरा.

विंडोजवर आणखी एक मार्ग असतो आणि तो दिसत नाही. गिटबरोबर येणारा क्रेडेन्शियल मॅनेजर लॉगिनसाठी खिडकी उघडतो. बिल्ड एजंट विंडोज सर्व्हिस म्हणून चालत असेल तर तो सेशन शून्यमध्ये असतो, आणि व्हिस्टापासून त्या सेशनचा डेस्कटॉप कोणालाच दिसत नाही. खिडकी उघडते, पण ती बघणारं कोणी नसतं. एका प्रकल्पात आम्ही यापायी तीन दिवस फायरवॉल आणि प्रॉक्सी तपासत होतो. शेवटी प्रोसेसची यादी बघताना क्रेडेन्शियल मॅनेजरच्या सात प्रोसेस नुसत्या थांबलेल्या दिसल्या, प्रत्येक रात्रीची एक. 'जीसीएम इंटरॅक्टिव्ह' हा व्हेरिएबल 'नेव्हर' केला आणि पुढचा बिल्ड चार सेकंदांत स्पष्ट एरर देऊन पडला. तो एरर पाहून झालेलं समाधान मला आजही आठवतं.

यावर टाइमआउटचंही कुंपण घाला. जेनकिन्सच्या गिट प्लगइनचा चेकआउट डीफॉल्टनुसार 10 मिनिटांनी हार मानतो, पण शेल पायरीत तुम्ही स्वतः लिहिलेल्या गिटच्या ओळीला ते संरक्षण मिळत नाही. गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये (गिटहबचीच बिल्ड चालवणारी सेवा) जॉबची डीफॉल्ट मर्यादा 360 मिनिटं आहे. एक अडकलेला प्रश्न सहा तास रनर (बिल्ड चालवणारं मशीन) अडवून ठेवू शकतो. फेचला नेहमी तीन मिनिटं लागत असतील तर मर्यादा दहा ठेवा.

मार्ग बंद केल्यावर पुष्कळदा असं निघतं की मूळ दुखणं लॉगिनचं नव्हतंच. गिटहबवर अस्तित्वात नसलेली रिपॉझिटरी (कोडचा साठा) आणि तुम्हाला न दिसणारी खाजगी रिपॉझिटरी यांत बाहेरून फरक कळू दिला जात नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्याचा परिणाम असा, की यूआरएलमध्ये एक अक्षर चुकलं तरी गिट युजरनेम विचारतं. लोक टोकन बदलत बसतात, परवानग्या वाढवत बसतात. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. म्हणून 'युजरनेम वाचता आलं नाही' दिसलं की आधी एररमधला यूआरएल अक्षरन् अक्षर वाचा. तो तुमच्या मुख्य रिपॉझिटरीचा आहे, की एखाद्या सबमॉड्यूलचा (आत जोडलेल्या दुसऱ्या रिपॉझिटरीचा)? की पॅकेज मॅनेजरने स्वतःहून क्लोन करायला घेतलेल्या डिपेंडन्सीचा, म्हणजे तुमच्या कोडला लागणाऱ्या दुसऱ्याच्या कोडचा? कालपर्यंत सार्वजनिक असलेली डिपेंडन्सी आज कोणी खाजगी केली किंवा काढून टाकली, तर बिल्डला ते लॉगिनच्या प्रश्नासारखंच दिसतं. गो भाषेची साधनं तर गिटचा टर्मिनल प्रॉम्प्ट स्वतःहूनच बंद ठेवतात, त्यामुळे खाजगी मॉड्यूल ओढताना 'टर्मिनल प्रॉम्प्ट्स डिसेबल्ड' दिसतं आणि हा बिघाड गिटचा आहे असा समज होतो. बिघाड काही नसतो. क्रेडेन्शियल पोहोचलेलं नसतं.

आता मुख्य विषय. बिल्डने कोणाच्या नावाने लॉगिन करायचं?

कोणाही माणसाच्या नावाने नाही. यावर मी अडून बसतो, आणि तुम्हीही बसा. एका टीममध्ये चाळीसेक जॉब एका सीनियर सहकाऱ्याच्या वैयक्तिक टोकनवर चालत होते. त्याने नोकरी सोडली, शेवटच्या दिवशी संध्याकाळी नियमाप्रमाणे त्याचं खातं बंद झालं, आणि त्या रात्री चाळीसही जॉब पडले. त्यात त्याची काही चूक नव्हती. चार वर्षांपूर्वी घाईत दिलेलं टोकन त्याच्या आठवणीतही नव्हतं. आणि बिल्ड पडले हे त्यातलं लहान नुकसान. मोठी गोष्ट ही, की ती चार वर्षं त्या बिल्ड सर्व्हरवर जॉब लिहू शकणारा कोणीही त्या माणसाला दिसणाऱ्या प्रत्येक रिपॉझिटरीत त्याच्या नावाने बदल ढकलू शकत होता.

एकच रिपॉझिटरी वाचायची असेल तर डिप्लॉय-की सगळ्यात साधी. ही एसएसएचची किल्ली माणसाला जोडलेली नसते, रिपॉझिटरीला जोडलेली असते, आणि लिहिण्याची परवानगी मुद्दाम दिल्याशिवाय ती फक्त वाचू शकते. अशा किल्लीला पासफ्रेज नसली तरी चालेल. पासफ्रेज त्याच सर्व्हरवर शेजारी ठेवली तर तिचा उपयोग तरी काय? किल्लीचा आवाका लहान ठेवणं, ती क्रेडेन्शियल स्टोअरमध्ये ठेवणं आणि बिल्डपुरतीच बाहेर काढणं, हे खरं संरक्षण.

गिटहबवर एक किल्ली एकाच रिपॉझिटरीला लावता येते, आणि रिपॉझिटऱ्या पाच झाल्या की घोडं पेंड खातं. लोक पाचही किल्ल्या एसएसएच-एजंटमध्ये भरतात. एसएसएच त्या एकामागून एक पुढे करतं, सर्व्हरला ओळखीची वाटलेली पहिली किल्ली मान्य होते, आणि ती दुसऱ्याच रिपॉझिटरीची असते. लॉगिन यशस्वी, पण उत्तर 'रिपॉझिटरी नॉट फाउंड'. यावर उपाय एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये: प्रत्येक रिपॉझिटरीसाठी होस्टचं वेगळं टोपणनाव, त्याखाली नेमकी किल्ली, आणि 'आयडेंटिटीज ओन्ली यस'. मात्र रिपॉझिटऱ्या दहाच्या पुढे गेल्या की हा व्याप नको वाटायला लागतो, आणि तेव्हा टोकनकडे वळणं बरं.

टोकनांत माझी पहिली पसंती प्लॅटफॉर्मने त्या जॉबपुरत्या दिलेल्या टोकनाला. गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये 'गिटहब टोकन' प्रत्येक जॉबला आपोआप मिळतं आणि जॉब संपला की निकामी होतं. गिटलॅब या गिटहबसारख्याच सेवेत 'सीआय जॉब टोकन' तसंच, जॉब चालू असेपर्यंत जिवंत. चोरीला गेलं तरी चोराच्या हाती काही मिनिटंच लागतात. गिटहबच्या टोकनाची मर्यादा ही, की ते आपल्याच रिपॉझिटरीपुरतं असतं. दुसऱ्या खाजगी रिपॉझिटरीतलं सबमॉड्यूल त्याने ओढता येत नाही. नेमक्या या वळणावर लोक वैतागून स्वतःचं वैयक्तिक टोकन घालतात. तसं न करता गिटहब अ‍ॅप तयार करा, ते फक्त हव्या त्या रिपॉझिटऱ्यांवर बसवा, परवानगी फक्त मजकूर वाचण्याची ठेवा. जेनकिन्सलाही हे अ‍ॅप क्रेडेन्शियल म्हणून देता येतं, त्यामुळे तुमच्यासाठी मी हेच सुचवेन.

अ‍ॅपने मिळवलेलं टोकन एक तास टिकतं. बिल्ड दीड तासाचा असेल आणि शेवटी टॅग (आवृत्तीची खूण) सर्व्हरवर ढकलायचा, म्हणजे पुश करायचा असेल, तर सुरुवातीला घेतलेलं टोकन तोवर मेलेलं असतं. 'क्लोन होतं, पुश होत नाही, आणि तेही फक्त मोठ्या बिल्डमध्ये' असं कोणी सांगितलं की मी आधी घड्याळ बघतो. पुशच्या आधी नवं टोकन घ्या. खरं तर वाचायची आणि लिहायची ओळख वेगळीच ठेवा. बिल्डच्या बहुतेक पायऱ्यांना लिहिण्याचा अधिकार लागत नाही. टेस्ट चालवताना बाहेरची शेकडो पॅकेजेस तुमच्या मशीनवर कोड चालवत असतात, तेव्हा लिहिणारं टोकन जवळपासही नसावं.

टोकन हाती आलं. गिटपर्यंत ते न्यायचं कसं?

यूआरएलमध्ये घालू नका. ही सवय सगळीकडे दिसते, कारण ती एका ओळीत चालते. पण क्लोन झाल्यावर तो यूआरएल टोकनासकट रिपॉझिटरीच्या कॉन्फिग फाइलमध्ये राहतो आणि बिल्डचं फोल्डर पुसलं जाईपर्यंत तिथेच असतो. क्लोन चालू असताना प्रोसेसच्या यादीत दिसतो तो वेगळाच. 2021 मध्ये कोडकोव्ह या टेस्टचं कव्हरेज मोजणाऱ्या सेवेच्या बॅश अपलोडर स्क्रिप्टमध्ये घुसखोराने एक ओळ घातली होती. 31 जानेवारीपासून एप्रिलमध्ये उघडकीस येईपर्यंत ती अनेकांच्या बिल्डमध्ये अधूनमधून चालत राहिली. ती ओळ दोन गोष्टी बाहेरच्या सर्व्हरला पाठवायची: सगळे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, आणि 'गिट रिमोट'चं सविस्तर आउटपुट. रिमोटचं आउटपुट त्याला का हवं होतं? कोणत्या रिपॉझिटरीत आहोत ते कळावं म्हणून, आणि यूआरएलमध्ये टोकन असेल तर तेही आयतंच हाती लागावं म्हणून. एन्व्हायर्नमेंटही सुरक्षित नाही, हेही त्याच घटनेने दाखवलं. म्हणून टोकन अख्ख्या जॉबच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवू नका. ज्या पायरीत गिट चालतं तेवढ्याच पायरीत द्या. जेनकिन्समध्ये 'विथ क्रेडेन्शियल्स'चा कंस त्या दोन ओळींभोवतीच असावा, पूर्ण पाइपलाइनभोवती नको. गिटहबचा चेकआउट डीफॉल्टनुसार टोकन पुढच्या पायऱ्यांसाठी मागे ठेवतो. त्यांना गिटची गरज नसेल तर 'पर्सिस्ट क्रेडेन्शियल्स' बंद करा.

मला सगळ्यात जास्त विश्वासाची वाटणारी पद्धत आस्कपासची. ही चार ओळींची स्क्रिप्ट असते. गिट तिला प्रश्नाचा मजकूर पहिल्या आर्ग्युमेंटमध्ये देतं. मजकूर 'युजरनेम'ने सुरू होत असेल तर स्क्रिप्ट ठरलेलं नाव छापते, गिटहबच्या अ‍ॅपसाठी 'एक्स-अ‍ॅक्सेस-टोकन', गिटलॅबच्या जॉब टोकनासाठी 'गिटलॅब-सीआय-टोकन'. नाहीतर एन्व्हायर्नमेंटमधलं टोकन छापते. स्क्रिप्टमध्ये स्वतः काहीच गुपित नसल्यामुळे ती रिपॉझिटरीत ठेवता येते. टोकन डिस्कवर लिहिलं जात नाही, कमांड लाइनवर दिसत नाही. वर 'फॉल्स' लावलेल्या जागी त्या पायरीपुरता या स्क्रिप्टचा मार्ग द्यायचा. टर्मिनल प्रॉम्प्ट शून्यच राहू द्या, त्याचा आस्कपासला अडथळा होत नाही. मात्र एजंटवर आधीपासून एखादा क्रेडेन्शियल हेल्पर नेमलेला असेल तर गिट आधी त्याच्याकडे जाईल आणि कोणाचं तरी जुनं टोकन उचलेल. त्यासाठी 'क्रेडेन्शियल हेल्पर' ही सेटिंग रिकामी देऊन आधीची यादी पुसून टाका. 'स्टोअर' नावाचा हेल्पर तर बिल्ड सर्व्हरवर नकोच. तो होम फोल्डरमध्ये साध्या मजकुरात सगळं लिहून ठेवतो आणि त्या युजरखाली चालणारा प्रत्येक जॉब ते वाचू शकतो.

सबमॉड्यूलचे यूआरएल एसएसएचचे आणि तुमच्याकडे टोकन एचटीटीपीएसचं, ही जोडी फार वेळा जमत नाही. गिटच्या 'इन्स्टेड ऑफ' सेटिंगने एका प्रकारचा यूआरएल परस्पर दुसऱ्यात बदलता येतो. ती सेटिंग सर्व्हरच्या ग्लोबल कॉन्फिगमध्ये लिहू नका, नाहीतर शेजारच्या टीमचे जॉब बिघडतील. 2021 मधल्या 2.31 आवृत्तीपासून 'गिट कॉन्फिग काउंट' आणि त्याच्या जोडीच्या व्हेरिएबलांतून अशा सेटिंग्ज फक्त त्या पायरीपुरत्या देता येतात. एनपीएम किंवा पिप हे पॅकेज मॅनेजर आतून जे गिट चालवतात, त्यालाही त्या लागू होतात. सबमॉड्यूल त्याच सर्व्हरवर असेल तर त्याचा यूआरएल सापेक्षच लिहिणं त्याहून उत्तम. मुख्य रिपॉझिटरी ज्या मार्गाने आली त्याच मार्गाने तेही येतं.

डॉकर इमेज बनवताना क्लोन करत असाल तर टोकन 'आर्ग'मधून कधीही देऊ नका, ते इमेजच्या इतिहासात वाचता येतं. डॉकरच्या बिल्डकिटमध्ये सीक्रेट आणि एसएसएच माउंट करायची सोय आहे, ती वापरा. आणि ज्या शेलमध्ये टोकन आहे तिथे 'सेट -एक्स' (चालणारी प्रत्येक आज्ञा लॉगमध्ये छापणारा पर्याय) चालू ठेवू नका. लॉग झाकणारी यंत्रणा ओळखीची अक्षरं झाकते. त्याच टोकनाचं बेस64 रूप बाहेर पडलं तर ते ओळखेलच याची खात्री नसते.

एसएसएचचा मार्ग घेतलात तर होस्टच्या ओळखीचा प्रश्न उरतो, आणि बहुतेक लोक तो 'स्ट्रिक्ट होस्ट की चेकिंग नो' लिहून उडवून लावतात. 24 मार्च 2023 ला गिटहबने आपली आरएसए होस्ट-की (सर्व्हरची ओळख पटवणारी किल्ली) बदलली, कारण तिचा खाजगी भाग थोडा वेळ एका सार्वजनिक रिपॉझिटरीत उघडा पडला होता. त्या दिवशी जगभर बिल्ड 'होस्टची ओळख बदलली आहे' म्हणून पडले, आणि ते पडले हे बरोबरच झालं. 'नो' लिहिलेले बिल्ड लॉगमध्ये एक इशारा टाकून पुढे गेले. मधे कोणी तोतया सर्व्हर बसला असता, तरी ते असेच पुढे गेले असते. बिल्डच्या सुरुवातीला 'एसएसएच-कीस्कॅन' चालवणं हेही त्याच जातीचं: समोर जो असेल त्याला त्याचीच ओळख विचारून ती खरी मानायची. 'अ‍ॅक्सेप्ट-न्यू' हा पर्याय ओपनएसएसएच 7.6 पासून आहे आणि कायमच्या मशीनवर तो ठीक आहे. पण दर वेळी नवा कंटेनर असेल तर प्रत्येक भेट पहिलीच असते, आणि त्याचा काही उपयोग उरत नाही. प्लॅटफॉर्मने प्रसिद्ध केलेल्या होस्ट-की एकदा तपासून 'नोन होस्ट्स' फाइलमध्ये घाला आणि ती फाइल एजंटच्या इमेजमध्येच ठेवा.

कोड गिटऐवजी तशाच दुसऱ्या साधनात ठेवत असाल तर दोन-चार गोष्टी. सबव्हर्जनमध्ये 'नॉन-इंटरॅक्टिव्ह' आणि 'नो-ऑथ-कॅश' हे दोन पर्याय नेहमी एकत्र द्या. दुसरा विसरलात तर पासवर्ड बिल्ड युजरच्या होममध्ये साठू शकतो. 1.10 पासून पासवर्ड स्टँडर्ड इनपुटमधून देता येतो, त्यामुळे तो कमांड लाइनवर लिहायची गरज नाही. परफोर्सचा स्वभाव निराळा. तिथे लॉगिन केल्यावर तिकीट मिळतं आणि ते डीफॉल्टनुसार 12 तास चालतं. एजंटवर सकाळी कोणी लॉगिन केलं तर दिवसाचे बिल्ड होतात आणि रात्रीचे पडतात. बिल्डसाठी वेगळा युजर, त्याचा वेगळा ग्रुप, आणि त्या ग्रुपचा टाइमआउट वाढवून घेणं हा त्यावरचा रीतसर मार्ग. त्या युजरला फक्त लागणारे डेपो वाचू द्या. आणि कोणाकडे अजून सीव्हीएसचा जुना साठा असेल तर, 'सीव्हीएस लॉगिन' पासवर्ड विचारून तो होममधल्या 'सीव्हीएसपास' फाइलमध्ये लिहितं. अ‍ॅन्टमध्ये (बिल्डचं एक साधन) ती फाइल भरणारं टास्क आहे, त्यामुळे प्रश्न टळतो. पण त्या फाइलमधला पासवर्ड नुसता अक्षरं बदलून लिहिलेला असतो, सहज उलटवता येतो. तिथे फक्त वाचणारं खातंच वापरा.

हे सगळं लावल्यावर तपासायचं कसं? तुमच्या लॅपटॉपवर नाही, आणि सर्व्हरवर तुमच्या नावाने लॉगिन करूनही नाही. बिल्डच्याच युजरने, त्याच्याच होमसह, रिकाम्या एन्व्हायर्नमेंटमधून, आणि 'सेटएसआयडी'ने टर्मिनल तोडून 'गिट एलएस-रिमोट' चालवा. ही आज्ञा काही उतरवून घेत नाही, फक्त सर्व्हर आपल्याला ओळखतो का आणि रिपॉझिटरी दिसते का एवढंच सांगते. 'एसएसएच -टी'ने (इथला टी कॅपिटल) गिटहबला नमस्कार करून तपासणारे स्क्रिप्ट मी पाहिलेत. लॉगिन यशस्वी झालं तरी तो एक्झिट कोड 1 देतो, त्यामुळे असा स्क्रिप्ट विनाकारण पडतो, आणि मग कोणीतरी तिथे एक्झिट कोडकडे दुर्लक्ष करायची ओळ घालतं.

हाच एलएस-रिमोट प्रत्येक बिल्डच्या पहिल्या पायरीत ठेवा, लागणाऱ्या प्रत्येक रिपॉझिटरीसाठी एक ओळ, सबमॉड्यूलसकट. चाळीस मिनिटं कंपाइल होऊन मग टॅगिंगच्या वेळी टोकन मेल्याचं कळण्यापेक्षा पहिल्या पाच सेकंदांत कळू दे. एलएस-रिमोट वाचण्याचा अधिकार तपासतो, लिहिण्याचा नाही. टॅग ढकलणाऱ्या जॉबमध्ये 'पुश'ची 'ड्राय-रन'ही (प्रत्यक्ष काही न ढकलता रंगीत तालीम) घाला. मात्र सर्व्हरवरचे ब्रांच-संरक्षणाचे नियम तिला दिसत नाहीत, तेवढं लक्षात असू द्या.

शेवटची चाचणी मुद्दाम बिघाड करून घ्यायची. कामाच्या वेळेत, टीमला सांगून, टोकनाच्या जागी चुकीचं टोकन ठेवा आणि रात्रीचाच जॉब दिवसा चालवा. तो किती सेकंदांत पडतो आणि एररमध्ये कोणत्या रिपॉझिटरीचं नाव येतं, ते लिहून ठेवा. मिनिटभराहून जास्त लागलं तर प्रश्न विचारायचा एखादा मार्ग अजून उघडा आहे. अडकलेल्या क्षणी प्रोसेसची यादी बघितली की तो सापडतो. गिटखाली एसएसएच थांबलेलं असेल तर बॅचमोड पोहोचलेला नाही. आस्कपास किंवा क्रेडेन्शियल मॅनेजर थांबलेला असेल तर त्याचा व्हेरिएबल जॉबपर्यंत आलेला नाही. गिट स्वतःच थांबलेलं असेल तर त्या पायरीत कोणीतरी एन्व्हायर्नमेंट पुसून गिट चालवतंय, बहुधा 'सुडो'ने (दुसऱ्या युजरच्या अधिकाराने आज्ञा चालवणारा प्रोग्राम). सुडो डीफॉल्टनुसार असे व्हेरिएबल पुढे जाऊ देत नाही, त्यामुळे ते त्या ओळीतच पुन्हा द्यावे लागतात.